बिनखात्याचे मानकरी : प्रस्तावना

१६ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात ४२ जण होते आणि मुख्यमंत्री सोडले तर एकाकडेही खाते नव्हते. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि एकनाथ शिंदे व अजित पवार उपमुख्यमंत्री म्हणून ५ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर शपथ घेऊन मोकळे झाले होते. उरलेल्या ३९ जणांना अधिवेशनाच्या आदल्या दिवशी नागपूरच्या राजभवनावर शपथ दिली गेली. १९९१ नंतर पहिल्यांदाच नागपुरात असा सोहळा होत होता, त्यामुळे त्याचे अप्रूपही होते. हारतुरे झाले, ज्यांचे पत्ते कट झाले त्यांचे रुसवेफुगवे झाले, आणि दुसऱ्या दिवशी सभागृहाचे कामकाज सुरू झाले.

सहा दिवस ते चालले. परभणीतला हिंसाचार आणि बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या या विषयांवर सभागृह तापले. गृहमंत्री कोण हे ठरलेले नव्हते, म्हणून उत्तर मुख्यमंत्र्यांनी दिले. अर्थमंत्री कोण हेही ठरलेले नव्हते, तरी हजारो कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या आणि मंजूर झाल्या. २१ तारखेला अधिवेशनाचे सूप वाजले आणि त्याच रात्री खातेवाटपाची यादी आली. गृह फडणवीसांनी स्वतःकडे ठेवले, नगरविकास आणि गृहनिर्माण शिंद्यांकडे गेले, अर्थ पवारांकडे. म्हणजे ज्या सहा दिवसांत मंत्र्याने आपल्या खात्याबद्दल लोकप्रतिनिधींना जाब द्यायचा, नेमके तेवढे दिवस टळल्यावर खाती मिळाली.

त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी ‘बिनखात्याचे मंत्री’ म्हणून थोडी थट्टा केली. विरोधकांनी पायऱ्यांवर घोषणा दिल्या. पुढे खाती मिळाली, बंगल्यांचे वाटप झाले, पालकमंत्रिपदाची भांडणे सुरू झाली आणि विषय मागे पडला. तो मागे पडायला नको होता, असे मला वाटते. हे पुस्तक त्यासाठी आहे.

पहिला प्रश्न कायद्याचा. असे मंत्री चालतात का? चालतात. संविधानाच्या १६३ आणि १६४ या अनुच्छेदांत राज्याचे मंत्रिमंडळ येते. मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात, इतर मंत्र्यांची मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने करतात, सगळे मिळून विधानसभेला जबाबदार असतात. महाराष्ट्रापुरते खात्यांचे नाव इथे कुठेच नाही. कामाची वाटणी येते ती १६६ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात. राज्यपालांनी शासनाचा कारभार सोयीने चालावा म्हणून नियम करावेत आणि काम मंत्र्यांमध्ये वाटून द्यावे, एवढेच तो सांगतो. मंत्री होणे आणि काम मिळणे या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांना वेगळे आदेश लागतात आणि दोहोंमध्ये किती अंतर असावे याबद्दल संविधान गप्प आहे. तिसऱ्या अनुसूचीतली शपथही तशीच. एक पदाची, दुसरी गोपनीयतेची. दोन्हींत राज्याचा मंत्री असा उल्लेख येतो, पण कोणत्या कामाचा मंत्री हे त्यात नसते. शपथ घेऊन खाली उतरलेला माणूस पूर्ण मंत्री असतो. त्याला मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसता येते, मत देता येते, गाडी, बंगला, पगार मिळतो.

मात्र त्याला सही करता येत नाही. मंत्रालयात काम कसे हलते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या एका वाक्याचे वजन कळेल. समजा, एखाद्या तालुक्यातल्या कालव्याच्या दुरुस्तीला वाढीव खर्चाची मान्यता हवी आहे. प्रस्ताव जलसंपदा विभागाच्या कार्यासनात येतो. कक्ष अधिकारी टिपणी लिहितात. ती अवर सचिवांकडे जाते, तिथून उपसचिवांकडे, मग सचिवांकडे. प्रत्येक जण आपल्या मताची दोन-चार वाक्ये घालतो आणि सही करून वर पाठवतो. शेवटच्या ओळीला लिहिलेले असते ‘मा. मंत्री (जलसंपदा)’. कंसातला तो एक शब्द म्हणजे मंत्र्याची सगळी सत्ता. तो नसेल तर फाईल त्याच्या दारावरून पुढे जाते आणि मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात, सहाव्या मजल्यावर जाऊन थांबते. बिनखात्याच्या मंत्र्याच्या दालनातही गर्दी असते. मतदारसंघातले लोक निवेदने घेऊन येतात, खासगी सचिव ती घेतात, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून पुढे पाठवतात. कोणाकडे पाठवायचे, एवढाच काय तो विचार करावा लागतो. निवेदन घेऊन आलेल्या माणसाला यातले काही कळत नाही. साहेबांनी कागद ठेवून घेतला यावर तो समाधानाने गावी जातो.

ज्या मूळ पद्धतीतून ही सोय आली तिथे तिला प्रतिष्ठा होती. पहिल्या महायुद्धात लॉइड जॉर्ज यांनी ब्रिटनमध्ये जे छोटे युद्धमंत्रिमंडळ बनवले, त्यात लॉर्ड मिल्नर यांच्यासारखे लोक खात्याच्या रोजच्या जाचातून मोकळे ठेवले होते, कारण त्यांनी सगळ्या युद्धाचा विचार करायचा होता. दिल्लीतही सुरुवात अशीच झाली. १९४७ साली एन. गोपालस्वामी अय्यंगार नेहरूंच्या मंत्रिमंडळात बिनखात्याचे मंत्री म्हणून आले आणि काश्मीरचे काम पाहू लागले. ते सरदार पटेलांच्या खात्याच्या हद्दीत शिरते आहे यावरून त्याच वर्षाच्या अखेरीस पटेल आणि नेहरू यांच्यात पत्रापत्री झाली, ती प्रसिद्ध आहे. १९५० साली राजगोपालाचारी काही महिने खात्याविना होते आणि पटेलांच्या निधनानंतर गृहमंत्री झाले. जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरच्या अधिवेशनात नेहरूंना अर्धांगाचा झटका आला आणि पक्षकार्यासाठी मंत्रिपदे सोडण्याच्या कामराज योजनेत बाहेर पडलेल्या लालबहादूर शास्त्रींना परत बोलावले गेले ते बिनखात्याचे मंत्री म्हणूनच. पंतप्रधानांचा बराचसा भार त्यांच्यावर आला. त्या काळात बिनखात्याचा मंत्री म्हणजे पंतप्रधानांच्या खुर्चीच्या सगळ्यात जवळ बसणारा माणूस, असा अर्थ लोक घेत.

पुढे केंद्रातही ही झळाळी गेली. सप्टेंबर २००३ मध्ये ममता बॅनर्जी वाजपेयी सरकारात परत आल्या तेव्हा त्यांना खाते मिळायला जानेवारी २००४ उजाडला. त्याच वर्षी द्रमुकला जहाजबांधणी हवे होते म्हणून के. चंद्रशेखर राव ते सोडून काही महिने नुसतेच मंत्री राहिले. नोव्हेंबर २००५ मध्ये व्होल्कर अहवालावरून परराष्ट्र खाते काढून घेतलेले नटवरसिंह महिनाभर तसेच लटकले. २०१८ मध्ये अरुण जेटलींच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या वेळी अर्थखाते पीयूष गोयल यांच्याकडे दिले गेले आणि जेटली तीन महिन्यांनी परतले. या शेवटच्या उदाहरणावर कोणी बोट ठेवले नाही, आणि ठेवायचे कारणही नव्हते.

केंद्राची ही यादी बऱ्यापैकी सर्वपरिचित आहे. राज्यांची नाही. तिची नोंदच नीट राहत नाही, आणि त्यालाही एक कारण आहे. महाराष्ट्रात सहसा कोणाला ‘बिनखात्याचा मंत्री’ म्हणून नेमत नाहीत. सामान्य प्रशासन विभागाची अधिसूचना निघते ती अमुक विभाग तमुक मंत्र्याकडे सोपवला, अशी. ज्याच्याकडून काढला त्याच्याबद्दल तिच्यात चकार शब्द नसतो. सगळ्यांची वाटणी झाल्यावर ज्याच्या नावापुढे काहीच उरत नाही, तो बिनखात्याचा. त्यामुळे या विषयाचा इतिहास लिहायचा म्हणजे दोन याद्या शेजारी ठेवून वजाबाकी करत बसायचे: शपथ घेतलेल्यांची एक, खाती असलेल्यांची दुसरी. या पुस्तकातला बराचसा मजकूर अशा वजाबाकीतून आलेला आहे.

वजाबाकीत सगळ्यात जास्त भरणा आघाडी सरकारांचा आहे. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांच्याबरोबर सहा जणांनी शपथ घेतली. शिवसेनेचे एकनाथ शिंदे आणि सुभाष देसाई, राष्ट्रवादीचे जयंत पाटील आणि छगन भुजबळ, काँग्रेसचे बाळासाहेब थोरात आणि नितीन राऊत. हे सहाही जण १२ डिसेंबरपर्यंत खात्याविना होते. जून २०२२ नंतर तर उलटेच घडले. ३० जूनला शिंदे आणि फडणवीस या दोघांनीच शपथ घेतली आणि ९ ऑगस्टपर्यंत दोघांचेच मंत्रिमंडळ चालले. आता खाती भरपूर होती, मंत्री नव्हते. अपिलांच्या सुनावण्या तुंबल्या, तेव्हा मंत्र्यांपुढच्या अर्धन्यायिक प्रकरणांचे अधिकार सचिवांना द्यावे लागले. ९ ऑगस्टला १८ जण आले, त्यांना १४ ऑगस्टला खाती मिळाली. २ जुलै २०२३ रोजी, एका रविवारी दुपारी, सकाळपर्यंत विरोधी पक्षनेते असलेले अजित पवार आठ सहकाऱ्यांसह राजभवनावर गेले आणि उपमुख्यमंत्री होऊन बाहेर आले. अर्थखाते त्यांच्याकडे १४ जुलैला आले. मधले बारा दिवस राज्याला एक उपमुख्यमंत्री असा होता ज्याच्याकडे कोणतीही फाईल जात नव्हती, आणि त्याच दिवसांत अर्थखात्यावरून शिंदे गटाच्या आमदारांची धुसफूस वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होती. मंत्रिपदासाठी कोट शिवून बसलेल्यांचे विनोद याच मोसमातले.

आघाडीत असे होणारच, असे म्हणून हा विषय झटकणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. तीन पक्षांनी वाटाघाटी कराव्यात, महिनाभर कराव्यात, पण त्या शपथेच्या आधी कराव्यात. शपथ आधी आणि वाटणी मागून, हा क्रम पक्षांच्या सोयीचा आहे. एकदा माळ गळ्यात पडली की माणूस आत आला, त्याचा समर्थक आमदार शांत झाला, आता ‘मलईदार’ कोणते आणि कोरडे कोणते यावर निवांत घासाघीस करता येते. या घासाघिशीचे भाडे राज्य भरते.

२०२२ च्या जूनमधला एक प्रसंग मात्र या साऱ्यांत वेगळा आहे आणि त्यावर मी एक अख्खे प्रकरण खर्च केले आहे. विधान परिषदेच्या निवडणुकीच्या रात्री, २० जूनला, एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेला गेले. तिथून मुक्काम गुवाहाटीला हलला. एकेक करून आणखी मंत्री तिकडे पोहोचले, उदय सामंत सगळ्यात शेवटी. २७ जूनला उद्धव ठाकरे यांनी नऊ बंडखोर मंत्र्यांची खाती काढून इतरांना दिली. शिंद्यांचे नगरविकास सुभाष देसाईंकडे गेले, गुलाबराव पाटलांचा पाणीपुरवठा अनिल परबांकडे, दादा भुसे यांची कृषी आणि संदिपान भुमरे यांची रोजगार हमी शंकरराव गडाखांकडे, सामंतांचे उच्च व तंत्रशिक्षण आदित्य ठाकरेंकडे. चार राज्यमंत्र्यांचीही खाती वाटली गेली. जनतेची कामे अडू नयेत म्हणून, असे कारण सांगितले गेले.

बडतर्फ मात्र कोणालाच केले नाही. का केले नाही, याचे उत्तर त्या आठवड्याच्या राजकारणात आहे. बडतर्फीसाठी मुख्यमंत्र्याला राज्यपालांकडे शिफारस करावी लागते आणि राजभवनावर भगतसिंह कोश्यारी होते. शिवाय काढून टाकलेला माणूस परत येत नाही, आणि त्या दिवशी ठाकऱ्यांना अजून काही जण परत येतील अशी आशा होती. खाते काढणे हा मधला मार्ग. दार ओढून घेतले, कडी लावली नाही. दोन दिवसांनी ठाकऱ्यांनी राजीनामा दिला. तिसऱ्या दिवशी, ३० जूनला, शिंदे मुख्यमंत्री झाले. २७ तारखेला ज्याच्याकडे राज्याचे एकही खाते नव्हते, त्याच्याकडे ३० तारखेला सगळी होती. शास्त्रींना त्या जागेवरून पंतप्रधानपदापर्यंत पोहोचायला चार-पाच महिने लागले होते.

त्याच मंत्रिमंडळात त्या वेळी आणखी एक बिनखात्याचे मंत्री होते, आणि ते गुवाहाटीत नव्हते, न्यायालयीन कोठडीत दिवस मोजत होते. नवाब मलिक यांना सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, २३ फेब्रुवारी २०२२ रोजी अटक केली. आदल्या वर्षी अनिल देशमुख यांनी आरोपांवरून गृहमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, मलिकांचा मात्र घेतला गेला नाही. ईडीच्या कारवाईला मान तुकवल्यासारखे दिसू नये, असा राष्ट्रवादीचा पवित्रा होता. भाजपने अर्थसंकल्पी अधिवेशनात राजीनाम्यासाठी रान उठवले. मार्चमध्ये तोडगा निघाला: अल्पसंख्याक विकास जितेंद्र आव्हाडांकडे, कौशल्य विकास राजेश टोप्यांकडे, मलिक मंत्री राहिले. सरकार पडेपर्यंत ते मंत्रीच होते. जूनमधल्या राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत मत द्यायला मात्र न्यायालयाने त्यांना बाहेर येऊ दिले नाही. मंत्रिपद आहे, पण मतदान करता येत नाही.

अशी व्यवस्था दिल्लीत आम आदमी पक्षानेही करून पाहिली. सत्येंद्र जैन ३० मे २०२२ रोजी अटकेत गेले, त्यांची खाती मनीष सिसोदियांकडे आली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिसोदियांनाच अटक झाल्यावर दोघांचे राजीनामे एकदमच आले. पण या प्रश्नाचा खरा कस तमिळनाडूत लागला.

१४ जून २०२३ च्या पहाटे ईडीने तमिळनाडूचे वीजमंत्री व्ही. सेंथिल बालाजी यांना अटक केली. प्रकरण ते अण्णाद्रमुकच्या सरकारात परिवहनमंत्री असतानाचे, नोकऱ्यांसाठी पैसे घेतल्याचे. मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी त्यांची दोन खाती दोन सहकाऱ्यांना दिली आणि बालाजी बिनखात्याचे मंत्री राहतील असे जाहीर केले. राज्यपाल आर. एन. रवी यांनी खात्यांच्या फेरवाटपाला मान्यता दिली, बालाजी मंत्री राहण्याला दिली नाही. २९ जूनला त्यांनी स्वतःच्या अधिकारात बालाजींना बडतर्फ केल्याचे जाहीर केले आणि काही तासांत, महान्यायवादींचा सल्ला घेऊ असे म्हणत, तो आदेश स्थगित ठेवला. राज्यपालाने मुख्यमंत्र्याला न विचारता मंत्र्याला काढणे हे संसदीय पद्धतीत बसत नाही. त्या रात्री राजभवनाला बहुधा कोणीतरी हे सांगितले असावे.

प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती होते संजय गंगापूरवाला, औरंगाबादला वकिली करून मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झालेले आणि नुकतेच चेन्नईला गेलेले. ५ सप्टेंबर २०२३ च्या निकालात त्यांच्या खंडपीठाने दोन गोष्टी सांगितल्या. बालाजींना काढा असा आदेश न्यायालय देणार नाही, तो निर्णय मुख्यमंत्र्यांचा. पण कोठडीत असलेला, काहीही काम न करणारा मंत्री ठेवण्यात कसलाही हेतू साधत नाही आणि स्वच्छ कारभाराच्या तत्त्वाला ते धरून नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये हा निकाल कायम ठेवला. फेब्रुवारीत बालाजींनी राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये जामीन मिळाला आणि तीन दिवसांत ते पुन्हा मंत्री झाले, या वेळी खात्यांसकट. त्यावर न्या. अभय ओक यांच्या पीठाने मंत्रिपद हवे की जामीन, असे विचारले, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी पद सोडले.

आपल्याकडच्या चर्चेत या निकालाचा पहिलाच भाग घेतला जातो. मुख्यमंत्र्याला हवे तर ठेवू द्या, एवढा. दुसरा भाग आपण वाचायला हवा, कारण ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ साली मंत्रिमंडळाला विधानसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांनी ९३ जणांचे मंत्रिमंडळ केले होते, तो जमाना गेला. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात ४३ जागा आहेत. त्यातली एक कोठडीतल्या माणसासाठी अडकली म्हणजे काम करणाऱ्या एकाची जागा गेली.

आजारपणाच्या प्रकरणांबद्दल मी मऊ आहे, पण डोळे मिटून नाही. २२ सप्टेंबर २०१६ ला जयललिता रुग्णालयात दाखल झाल्या. ११ ऑक्टोबरला राज्यपालांनी १६६ व्या अनुच्छेदाखाली त्यांची सगळी खाती ओ. पन्नीरसेल्वम यांच्याकडे दिली, मंत्रिमंडळाच्या बैठकीचे अध्यक्षपदही दिले, आणि जयललिता मुख्यमंत्री राहतील असे सांगितले. हे राज्यपाल म्हणजे चे. विद्यासागर राव, महाराष्ट्राचे राज्यपाल, ज्यांच्याकडे तमिळनाडूचा अतिरिक्त भार होता. १९८४ मध्ये एम. जी. रामचंद्रन आजारी पडले तेव्हा नेदुंचेळियन यांच्याकडे अशीच खाती गेली होती, तो पायंडा हाताशी होता. तरी आदेशात हे मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यावरून केले असे लिहिले होते आणि अतिदक्षता विभागातून हा सल्ला कसा आला, असे चेन्नईत लोक विचारत राहिले.

गोव्यात याच्या उलट झाले. मार्च २०१८ मध्ये मनोहर पर्रीकर उपचारांसाठी अमेरिकेला गेले तेव्हा त्यांनी फ्रान्सिस डिसोझा, सुदिन ढवळीकर आणि विजय सरदेसाई या तिघांची सल्लागार समिती नेमली, पण खाती आपल्याकडेच ठेवली. सप्टेंबरमध्ये स्वतः दिल्लीत एम्समध्ये असताना त्यांनी आजारी असलेल्या डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर या दोन मंत्र्यांना वगळले आणि त्यांच्या जागी दोघांना घेतले. डिसोझांना ते लागले आणि त्यांनी ते लपवले नाही. आजारी मंत्र्याला खाते काढून मंत्रिमंडळात ठेवण्याची सोय जर कोणासाठी असेल तर ती अशा माणसासाठी आहे, असे माझे मत आहे. १५ टक्क्यांच्या मर्यादेतल्या किमान संख्येच्या सवलतीने गोव्याला १२ जागा, त्यामुळे पर्रीकरांचाही नाइलाज असेल.

पंजाबातली एक हकीकत या विषयाच्या कडेला पडते, पण ती सांगितल्यावाचून राहवत नाही. मंत्री कुलदीपसिंग धालीवाल यांच्याकडे २०२३ पासून प्रशासकीय सुधारणा हे खाते होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने अधिसूचना काढून कळवले की असा विभागच अस्तित्वात नाही. जवळजवळ वीस महिने एक मंत्री एका नसलेल्या खात्याचा मंत्री होता. आपल्याकडे राज्यमंत्र्यांची जी नेहमीची तक्रार आहे, खाते आहे पण कॅबिनेट मंत्री फाईल पाठवत नाही, तिचे दुखणे याच जातीचे आहे. त्यावर एक स्वतंत्र पुस्तक होईल. या पुस्तकात मी त्याला हात घातलेला नाही.

वाचकाने हे पुस्तक वाचताना मंत्र्यांची नावे आणि पक्ष थोडे बाजूला ठेवावेत, कारण यात सगळेच येतात आणि प्रत्येकाने विरोधात असताना जे म्हटले त्याच्या नेमके उलटे सत्तेत आल्यावर केले आहे. माझ्यापुरता निष्कर्ष असा: राज्यांमध्ये बिनखात्याचे मंत्रिपद ही मुख्यमंत्र्याने पुढे ढकललेल्या निर्णयाची जागा आहे. मित्रपक्षाशी वाद मिटवायचा नाही, बंडखोराला काढायचे की थांबायचे ते ठरवायचे नाही, अटकेतल्या सहकाऱ्याला सोडायचे नाही. घोंगडे भिजत ठेवायचे असते आणि त्यासाठी संविधानाने दोन अनुच्छेदांमध्ये ठेवलेली मोकळी जागा वापरली जाते.

केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये १३० वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले. पाच वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग ३० दिवस कोठडीत असलेल्या मंत्र्याचे पद त्यानंतर जाईल, असे त्यात आहे. ते संयुक्त समितीकडे गेले आहे. अटक करणारी यंत्रणा केंद्राच्या हातात असताना हा उपाय रोगापेक्षा जड होऊ शकतो, आणि त्याबद्दलचे माझे आक्षेप शेवटच्या प्रकरणात आहेत. पण ते विधेयक मंजूर झाले तरी नागपूरच्या त्या सहा दिवसांना त्यातला एक शब्दही लागू होत नाही. शपथ घेऊन वाटणीची वाट पाहणारे मंत्री तसेच राहतील.

त्यांच्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. महाराष्ट्र शासन कार्यनियमावलीत दोन वाक्ये घातली तरी पुरे: शपथेनंतर सात दिवसांत खातेवाटपाची अधिसूचना निघाली पाहिजे, आणि एखाद्या मंत्र्याचे सगळे काम काढून घेतले तर त्याचे कारण पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सभागृहापुढे ठेवले पाहिजे. विधिमंडळात बसणाऱ्या आणि हे पुस्तक हातात घेणाऱ्या सदस्यांनी, ते कोणत्याही बाकावर असोत, ही मागणी करावी. नियमावली बदलायला विधेयक लागत नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय आणि त्यावर राज्यपालांची अधिसूचना, एवढ्याने ते होते.